शिप, शीप आणि मराठी जीभ

हार्बर मार्गावर पनवेलकडे जाताना नेरूळ सुटले की सीवूड्स येते. शेजारच्या दारावे गावाचे नाव या स्थानकाला जोडलेले आहे. वाशी, तुर्भे, घणसोली, करावे अशा जुन्या गावांच्या नावांत हे एक इंग्रजी नाव, आणि त्यात इंग्रजीचे दोन वेगवेगळे स्वर शेजारी शेजारी आले आहेत. समुद्राचा ‘सी’ दीर्घ, लाकडाचा ‘वुड’ ऱ्हस्व. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तो पहिल्या अक्षरावर किंचित रेंगाळतो आणि दुसरे लगेच आटोपतो. आपल्याकडे बहुधा उलट घडते. बोलण्याच्या ओघात ‘सी’ आखडतो, ‘वू’ लांबतो, आणि मराठी वर्तमानपत्रांतही हा ‘वू’ दीर्घच छापला जातो.

अशा उच्चाराला गलथानपणा म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला हा शब्द फार अन्यायाचा वाटतो. ‘वूड’ म्हणणारा माणूस एक नियम अगदी काटेकोरपणे पाळत असतो. तो नियम मराठीचा आहे, एवढेच. २००० सालापासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. तेव्हापासून लाखो मुलांनी शिप आणि शीप एकाच तोंडाने म्हटले आणि त्यासाठी बोलणीही खाल्ली. आपली जीभ नेमके काय करते हे मात्र त्यांना फारसे कोणी सांगितले नाही.

‘दूध’ म्हणा. मग ‘दुधात’ म्हणा. पहिल्या शब्दातला ऊ लांब होता, दुसऱ्यात तो आपसूक आखूड झाला. मीठ आणि मिठाचा, फूल आणि फुलाला, चूल आणि चुलीत, वीट आणि विटा, गरीब आणि गरिबाला: सगळीकडे हेच. लिहिताना आपण या शब्दांना अकारान्त म्हणतो, पण उच्चारात ते व्यंजनावर संपतात. अशा शब्दात शेवटच्या व्यंजनाच्या आधी इ किंवा उ आला की मराठी तोंड तो लांबवते, आणि पुढे आणखी अक्षर आले की आखडते. शब्दाच्या अगदी टोकाला आलेला इ-उही लांबच होतो. म्हणून संस्कृतातले कवि आणि गुरु मराठीत कवी आणि गुरू झाले. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे १४ नियम केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. त्यांतले ऱ्हस्व-दीर्घाचे नियम बऱ्याच अंशी बोलण्यातल्या याच सवयीवर उभे आहेत. नियम शाळेत पाठ करावे लागतात, पण ‘दुधात’चा दु आखूड करायला कोणत्याही मुलाला शिकवावे लागत नाही.

जिथे लेखन संस्कृतामागे जाते तिथे हे आणखी स्पष्ट दिसते. विष आणि गुण हे शब्द आपण ऱ्हस्व लिहितो, कारण ते तत्सम आहेत; म्हणताना मात्र वीष आणि गूण म्हणतो. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा. या जोड्या कागदावर वेगळ्या आहेत, रोजच्या बोलण्यात जवळजवळ सारख्याच ऐकू येतात. थोडक्यात, मराठीत इ-ई आणि उ-ऊ यांची लांबी शब्दातल्या जागेवरून ठरते. अर्थ वेगळा करण्याचे काम ती क्वचितच करते.

इंग्रजीतून आलेले शब्दही मराठीने याच नियमात बसवून घेतले. इंग्रजीत तिकिटाचे दोन्ही स्वर ऱ्हस्व आहेत. आपण दुसरा लांबवून ‘तिकीट’ केले आणि विभक्ती लागताच ‘तिकिटाला’ म्हणून तो पुन्हा आखडला. बिस्कीट, पाकीट, नोटीस यांचेही तेच. मोजमापाचा फूट इंग्रजीत ऱ्हस्व, मराठीत दीर्घ, आणि ‘दोन फुटांवर’ म्हणताना परत ऱ्हस्व. बूट तर इंग्रजीतच दीर्घ आहे, तरी ‘बुटात’ म्हणताना आपण त्याला आखडतोच. शब्द मुळात काय होता याची मराठीने कुठेच फिकीर केलेली नाही. तेच तोंड जेव्हा इंग्रजी वाक्यात जहाजाचे नाव घेते, तेव्हा त्याच्यासमोर प आहे, प च्या आधी इ आहे आणि पुढे काही नाही. मराठीच्या हिशेबाने तिथे ई लांबच व्हायला हवा, आणि होतो: शीप. बिलाचे बील, बुकाचे बूक, पुलचे पूल असेच होतात.

अ आणि आ यांच्या बाबतीत असे काहीच होत नाही. मर आणि मार, पट आणि पाट, कर आणि कार हे शब्द मराठी कान कधी एक करत नाही, कारण तिथे मराठीत अर्थ बदलतो. म्हणून इंग्रजीतले ‘ये’ या अर्थाचे कम आणि ‘शांत’ या अर्थाचे काम आपण न शिकता वेगळे म्हणतो. इंग्रजी उच्चार शिकवणाऱ्याने हे आधी पाहिले पाहिजे. ऱ्हस्व-दीर्घ ऐकण्याची शक्ती मराठी मुलात पूर्ण आहे. ती अ-आ वर जागी असते आणि इ-उ वर तिचे काही काम पडत नाही.

नवी मुंबईत तर हे एका वर्गात बसून ऐकता येते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसे इथे येऊन राहिली. एकाच बाकावर मराठी, मलयाळी, बंगाली आणि हिंदी भाषक मुले बसतात. मलयाळममध्ये आणि तमिळमध्ये इ-ई, उ-ऊ तर वेगळे आहेतच, शिवाय ए आणि ओ यांनाही ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन रूपे आहेत. हिंदीत मिल आणि मील, चिता आणि चीता वेगळे ऐकू येतात. त्यामुळे ही मुले शिप आणि शीप यांतला फरक सहज पकडतात. बंगालीत लिहायला दोन इ आहेत, बोलायला एकच, म्हणून बंगाली मूल मराठी मुलासारखेच अडते. स्पॅनिश आणि इटालियन माणसाची अडचणही हीच, कारण त्यांच्या भाषांतही इ एकच आहे. याचा बुद्धीशी किंवा मेहनतीशी काही संबंध नाही. प्रत्येक जण घरून कोणती लांबी घेऊन आला आहे, एवढाच प्रश्न असतो.

आता इंग्रजीच्या बाजूला जाऊ. ब्रिटनमधल्या प्रमाण उच्चारात साधारण वीस स्वर धरले जातात: सात ऱ्हस्व, पाच दीर्घ आणि आठ जोडस्वर. आपण शिप आणि शीप असे देवनागरीत लिहून मुलांना सांगतो की पहिला आखूड, दुसरा लांब. हे खरे आहे, पण अर्धेच. इंग्रजीतला ऱ्हस्व इ हा दीर्घ ई चा नुसता कापलेला तुकडा नाही. ई म्हणताना जीभ पुढे आणि टाळूच्या अगदी जवळ जाते, ओठ ताणले जातात. जहाजातला इ म्हणताना जीभ थोडी खाली आणि थोडी मागे राहते, ओठ सैल असतात. आपल्या कानाला तो किंचित ए कडे झुकल्यासारखा लागतो. उ चेही तसेच. ‘मूर्ख’ या अर्थाच्या फूलमध्ये ओठांचा चंबू होतो. ‘भरलेला’ या अर्थाच्या फुलमध्ये ओठ ढिले राहतात आणि जीभ मागे पूर्ण चढत नाही.

निव्वळ लांबीवर भिस्त ठेवली तर इंग्रजी आपल्याला लगेच चकवते, कारण तिच्यात लांबी पुढच्या व्यंजनावरही अवलंबून असते. मण्याचा ‘बीड’ आणि मारण्याचा ‘बीट’ या दोन्हींत तोच दीर्घ ई आहे, पण ट च्या आधी तो बराच आखूड होतो आणि ड च्या आधी मोकळा पसरतो. क, ट, प, स अशा अघोष व्यंजनांपुढे इंग्रजी स्वर आकसतात. ग, ड, ब, झ अशा घोष व्यंजनांपुढे लांबतात. याचा परिणाम असा की लिलावातल्या ‘बिड’चा ऱ्हस्व इ आणि ‘बीट’चा दीर्घ ई मोजायला गेले तर काळाने जवळपास सारखे भरू शकतात. तरीही इंग्रज माणूस त्यांची गल्लत करत नाही, कारण तो लांबीबरोबर जिभेची जागा ऐकत असतो.

ही गोष्ट इंग्रजीच्या अभ्यासकांनाही चिन्हांत उतरवायला वेळ लागला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश १९१७ साली निघाला. त्यात या दोन स्वरांसाठी एकच अक्षर होते. दीर्घापुढे दोन टिंबे, ऱ्हस्वापुढे काही नाही. पुढे ए. सी. गिम्सन यांनी १९७७ च्या चौदाव्या आवृत्तीत ऱ्हस्वाला वेगळे अक्षरच दिले आणि दीर्घाची टिंबेही ठेवली. फरक दोन प्रकारचा आहे हे तेव्हा त्या कोशाच्या पानावर दिसू लागले. देवनागरीतल्या इ आणि ई च्या मात्रा विद्यार्थ्याला जोन्स यांच्या जुन्या चिन्हांइतकेच सांगतात. कोचिंग क्लासच्या पुस्तकांत उच्चार देवनागरीत देण्याची पद्धत उपयोगी आहे, पण शेजारी तोंडाने दाखवणारा शिक्षक नसेल तर विद्यार्थी फक्त ताणायला शिकतो.

देवनागरीने मराठी माणसाला एका बाबतीत मात्र मोठी मदत केली आहे. हिंदीत बैंक लिहावे लागते, मराठीत बँक. डोक्यावरच्या चंद्रामुळे चेंडूची बॅट आणि पैज लावण्याचा बेट हे मराठी वाचकाला लिहिण्यातच वेगळे दिसतात, आणि जे वेगळे दिसते ते म्हणायलाही सोपे जाते. ॲ आणि ऑ हे दोन स्वर ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठी वर्णमालेत रीतसर दाखल झाले. पण ऑ ला ऱ्हस्व-दीर्घ नाही. बाहुलीचा डॉल इंग्रजीत ऱ्हस्व, सभागृहाचा हॉल दीर्घ. आपण दोन्ही एकाच ऑ ने म्हणतो. खाट म्हणजे कॉट, आणि ‘पकडले’ तेही कॉटच. ब्रिटिश इंग्रजीत हे वेगळे आहेत, पण अमेरिकेच्या मोठ्या भागात आणि कॅनडात हे दोन स्वर एकत्र होऊन गेले आहेत. तेव्हा याची काळजी करण्यात विद्यार्थ्याचा वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरोघरी आता एक वेगळाच गोंधळ शिरला आहे. नेरूळ, खारघर, ऐरोलीतली मुले फोनिक्सच्या वर्गाला जातात आणि घरी येऊन सांगतात की केकमधला ए ‘लाँग’ आहे आणि कॅटमधला ‘शॉर्ट’. मराठी शाळेत शिकलेल्या आईला लाँग ए म्हणजे आ वाटतो. तिला वाटते ते इतिहासाच्या दृष्टीने बरोबरच आहे. चॉसर १४०० साली वारला. त्याच्या काळात इंग्रजीत ‘नेम’ या शब्दाचा उच्चार बराचसा आपल्या ‘नाम’सारखा होता, शेवटी एक पुसट अ लावून. घर म्हणजे हाऊस तेव्हा ‘हूस’ होते, पाच म्हणजे फाईव्ह ‘फीव्ह’सारखे होते. त्या वेळी लाँग आणि शॉर्ट यांत खरोखरच प्रामुख्याने लांबीचा फरक होता.

पुढच्या तीनेकशे वर्षांत इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर तोंडात वर सरकले. आ चा ए झाला, ए चा ई झाला, आणि जे ई-ऊ आधीच सर्वांत वर होते ते फुटून आय आणि आउ झाले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने १९०९ साली या उलथापालथीला ‘ग्रेट व्हावेल शिफ्ट’ हे नाव दिले. विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला १४७६ साली छापखाना घातला होता, आणि छापील स्पेलिंग हळूहळू पक्के होत असताना उच्चार मात्र चालतच राहिले. म्हणून आजच्या स्पेलिंगमध्ये पुष्कळदा जुना उच्चार गोठलेला आहे. शाळेतला ‘लाँग’ हा त्या जुन्या नात्याचा अवशेष आहे. हॉपच्या शेवटी मूक ई आला की होप, बिटच्या शेवटी आला की बाईट, कटच्या शेवटी आला की क्यूट. इथे स्वर लांबत नाही, साफ बदलतो. आईबाबांनी मुलांना एवढेच सांगावे की फोनिक्समधला लाँग म्हणजे अक्षराचे स्वतःचे नाव, आणि बाराखडीतला दीर्घ म्हणजे दीर्घ. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. एकाने दुसऱ्याला समजावू नये.

रोमन लिपीची ही ओढाताण आपल्या गावांच्या नावांनाही भोगावी लागते. पाच स्वराक्षरांत इंग्रजीचे स्वतःचेच स्वर मावत नाहीत, तिथे मराठीचे कसे मावणार? ‘खारघर’ रोमनमध्ये लिहिताना पहिल्या आ साठी जे अक्षर तेच दुसऱ्या अ साठी. महापे, तळोजा यांतही अ आणि आ एकाच अक्षरात. दिल्लीहून नुकत्याच आलेल्या माणसाने सानपाड्याची पाटी ‘संपदा’ अशी वाचली तर दोष त्याचा नाही. इंग्रज अधिकाऱ्यांना ही अडचण कळलेली होती. १८८२ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये ठाण्याचे नाव पहिल्या स्वराक्षरावर तिरकी रेघ देऊन छापलेले आहे, म्हणजे वाचणाऱ्याने तिथे आ म्हणावे. नंतरच्या कारभारात ही रेघ गळाली. रेल्वेच्या पाट्यांवर देवनागरी आहे म्हणून निभावते; मोबाइलच्या नकाशावर फक्त रोमन वाचणारा खारघरचे ‘खरघर’ करतो.

मग शिप-शीपची इतकी काळजी करावी का? न्हावा-शेवा बंदर इथून जवळच. तिथे कोणी ‘शीप’ आले म्हटले तरी कंटेनर वाहणारे जहाजच समजले जाते. संदर्भ पुष्कळ सांभाळून घेतो. ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये किंवा महापेच्या कंपन्यांत परदेशी ग्राहकाशी फोनवर बोलणाऱ्या मुलांनाही बहुतेक वाक्यांत तो सांभाळतो. जिथे संदर्भच नसतो तिथे तो उपयोगी पडत नाही: आडनाव, पत्ता, रक्कम. फिफ्टीन आणि फिफ्टी यांत फोनवर शेवटचा न सहज हरवतो. मग उरतो तो स्वर आणि आघात. फिफ्टीनमध्ये दुसरे अक्षर लांब आणि जोरदार असते. फिफ्टीमध्ये जोर पहिल्यावर असतो आणि शेवट आखूड. मराठी तोंड शब्दाच्या टोकाचा ई नियमाने लांबवते, म्हणून आपला पन्नासचा आकडा समोरच्याला पंधरा वाटू शकतो. तेरा आणि तीस, सतरा आणि सत्तर यांचेही तसेच. पैशाच्या व्यवहारात हे महत्त्वाचे आहे आणि यावर मेहनत घेण्यासारखी आहे.

याउलट केक, गेट, बोट, रोड यांतला आपला सरळ ए आणि ओ जसा आहे तसा राहू द्यावा. लंडनमध्ये तिथे एइ आणि ओउ अशी जोड ऐकू येते, पण स्कॉटलंडमध्ये आपल्यासारखाच एकसंध स्वर आहे आणि तिथल्या इंग्रजीला कोणी कमी लेखत नाही. भारतीय इंग्रजी ही आता स्वतःची घडण असलेली बोली आहे. तिने अर्थ जिथे हरवतो तिथे जागे राहावे, बाकी आपल्या आवाजात बोलावे.

इ आणि उ जागे करण्याचा उपाय मराठीतच आहे. मराठीत ऱ्हस्व इ नाही असे नाही. तो शब्दाच्या मध्येच राहतो, शेवटच्या व्यंजनाआधी येत नाही. म्हणून मुलाला ‘शिपाई’ म्हणायला सांगावे. मग पुन्हा ‘शिपाई’ सुरू करून प वर ओठ मिटताच थांबायला सांगावे. जे उरते ते जहाज. ‘फुलाला’ म्हणताना ल वर थांबले की ‘भरलेला’ फुल मिळतो. ‘पुलावर’ म्हणताना ल वर थांबले की ओढण्याचा पुल, ‘हिला’ म्हणताना थांबले की टेकडी, ‘बुका’ म्हणताना क वर थांबले की पुस्तक. सुरुवातीला शब्द तोडल्यासारखा वाटतो आणि जीभ शेवटी ओढ घेतेच. दोन-तीन दिवसांत ती सवय सुटू लागते. हिंदी गाण्यांचाही उपयोग होतो. ‘दिल’ हा शब्द गाणारी मुले तो आखूड ऐकतच मोठी झालेली असतात. त्या इ शेजारी व्यवहाराचा ‘डील’ ठेवला की फरक चटकन कानात भरतो.

ऐकणे आधी, बोलणे नंतर, हा क्रम मात्र सोडू नये. शिक्षकाने पाठ फिरवून दोनांपैकी एक शब्द म्हणावा आणि मुलांनी जहाजासाठी एक बोट, मेंढीसाठी दोन बोटे वर करावीत. बहुतेक बोटे बरोबर येऊ लागली की मगच म्हणायला घ्यावे. त्यानंतर बीट आणि बीड, बिट आणि बिड असे चारही शब्द एकामागून एक म्हणवून घ्यावेत, म्हणजे मूल लांबीबरोबर जिभेची जागाही पकडते. आरसा असेल तर उत्तम: ‘शीप’ला ओठ ताणलेले दिसले पाहिजेत आणि ‘शिप’ला सैल.